भीमाशंकरची पायरी आणि पुंडलिकाची वीट

माऊलींनो, अभंग आपण म्हटला, नमन झालं, आता चिंतनाकडे वळू. चार दिवसांवर पहिला श्रावणी सोमवार आलाय. समोर बसलेली निम्मी मंडळी भीमाशंकरला निघणार, हे मला न विचारता ठाऊक आहे. म्हणून आज देव कसा आहे हे सांगत नाही. देवापर्यंत जायचं कसं, एवढंच सांगतो.

दर्शनाची पहिली रांग कोणी लावली हो? देवस्थानानं? पोलिसांनी? नाही बाबांनो. पहिली रांग देवानं लावली, आणि त्या रांगेत देव एकटाच होता. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत बसलेला. द्वारकेचा राणा दारात आला. पुंडलिक उठला का? नाही उठला. वीट भिरकावली आणि म्हणाला, थांब जरा, हातातली सेवा होऊ दे. देवाच्या जागी आपण असतो तर? ‘मी कोण हाय, ओळखलं न्हाय का?’ लगेच खिशातून फोन निघाला असता! (हशा) देवानं ओळख सांगितली नाही. कमरेवर हात ठेवले आणि उभा राहिला, तो अजून उभाच आहे.

आणि हे नुसतं कथेतलं नाही. आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, मंदिर दिवसरात्र उघडं. भक्त येतायत, मग देवानं निजायचं नाही. पाठीशी मऊ लोड देतात, एवढाच विसावा. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात, तेव्हा कुठे पलंग परत येतो. तो तुमच्यासाठी इतके दिवस उभा राहतो, आणि तुम्हाला चार तास उभं राहता येईना?

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल... (नामगजर)

पंढरीची चंद्रभागा म्हणजे भीमा, आणि ती उगवते आपल्या डोंगरात, आंबेगाव-खेडच्या सीमेवर. म्हणजे पंढरीच्या वाटेचं पहिलं पाऊल इथेच पडतं. आता ती जागा डोळ्यांपुढे आणा. दुसरीकडे देवळाला चढून जातात. लेण्याद्रीचा गिरिजात्मज तीनशेच्या घरात पायऱ्या चढल्याशिवाय भेटत नाही. भीमाशंकरला उलटं. गाडीतळ वर, देऊळ खाली, दोनशेच्या वर पायऱ्या उतरून जायचं. श्रावणात धुकं एवढं की पुढच्याची छत्री दिसते, माणूस दिसत नाही. दगड शेवाळलेला. चढताना धक्का बसला तर माणूस मागच्याच्या अंगावर रेलतो, सावरतो. उतरताना मागून धक्का बसला तर तो थेट खाली जातो, आणि त्याच्या पुढे कोण असतं? आपल्यातलीच एखादी आजी, हातात बेलाची पुडी, तोंडात नाव.

गर्दीला डोळे नसतात. पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं कळत नाही. पुढे कोणी पडलं तरी मागचा म्हणतो, ‘चला की, थांबलाय कशाला?’ २५ जानेवारी २००५, वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईची यात्रा. वाट अरुंद, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. माणसं घसरली, मागची रेटत राहिली, त्यात दुकानांना आग लागली. २९० हून जास्त जीव गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००३ च्या नाशिकच्या कुंभात ३९ गेले. यातलं कोण वाईट होतं, सांगा मला? सगळे नवस फेडायला, पुण्य जोडायला आलेले. ज्यानं मागून रेटलं, तोही भाविकच होता. म्हणून मला धास्ती वाटते, चोराची नाही, घाईतल्या भाविकाची.

मग कोणी म्हणेल, महाराज, गर्दी म्हटलं की असं होणारच. का होणार? माऊलींची पालखी बघा. लाखो माणसं, पण प्रत्येक दिंडीला क्रमांक, प्रत्येकाला जागा. ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, शिंदे सरकारांच्या पदरी राहिलेला माणूस. फौजेची रीत त्यांनी भक्तीच्या कामाला लावली. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारानं चोप उंच केला की अफाट जमाव गप्प! एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते, चोपदार येऊन ऐकून घेतो, मग टाळ थांबतात. तिथे काठी कोणाच्या पाठीत बसत नाही.

तर सोमवारी काय करायचं? गाड्या अलीकडे थांबवून एसटीनं पुढे नेत असतील तर पोलिसाशी हुज्जत घालू नका, तोही भिजत उभा आहे. पायरीवर फोटोला थांबू नका. लेकराच्या खिशात नाव आणि घरचा नंबर लिहून ठेवा. पुढे कोणी पडलं तर मागे वळून हात वर करा आणि ‘थांबा’ म्हणून ओरडा. त्या घटकेला ‘हर हर महादेव’पेक्षा तेच मोठं. म्हातारं माणूस, पोटुशी बाई, अपंग यांना सगळ्यांनी मिळून पुढे काढा. धडधाकट माणूस वशिल्यानं पुढे जातो ना, तो त्या आजीच्या उभं राहण्याची चोरी करतो. मग त्याची पावती कितीची का असेना!

आणि सोमवारच कशाला? मंगळवारी शंकर काय गावाला जातो? (हशा) गर्दी फार दिसली तर कळसाला हात जोडा आणि फिरा. वारकरी पंढरीत कळस बघून, नामदेव पायरीला डोकं टेकवून परततातच ना. चोखोबांना तर आपल्याच लोकांनी आत येऊ दिलं नाही. त्यांची समाधी पायरीसमोर, दाराबाहेर. त्यांना देव भेटला नाही असं म्हणायची छाती आहे कोणाची?

बरं, वेळ झाली. आरतीला जागेवरच उभे राहा, पुढे लोटू नका. पंगतीला आधी लेकरं आणि म्हाताऱ्या बाया बसतील. वाढपी मंडळी, मधली वाट मोकळी ठेवा. बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!