मृगापूर्वीं बियाणें: कोराडी येथील सभेंत समितीच्या वतीनें केलेलें भाषण



चैत्र सरत आला आहे. जगदंबेच्या नवरात्राची गर्दी ओसरली, गव्हाच्या मळण्या झाल्या, आणि काळ्या रानांत वखराच्या पाळ्या सुरू झाल्या आहेत. अशा वेळीं दुकानें, वाडे व कचेऱ्या सोडून येथें येण्याची आपणांस तसदी दिली, याचें कारण थोडक्यांत इतकेंच कीं, आमच्या समितीचें जें मुख्य काम तें आतां दीड महिन्याच्या आंत उरकलें पाहिजे. आम्ही पेशानें वकील. कोर्टांत आम्ही मुदत मागतों, आणि पुष्कळदां ती मिळतेहि. मृग नक्षत्र मात्र कोणासहि मुदत देत नाहीं. ७ जूनच्या सुमारास तें लागतें, त्यापुढें आठपंधरा दिवसांत पाऊस जमतो, आणि ज्याच्या घरीं त्या दिवशीं बियाणें नाहीं त्याचें वर्ष तेथेंच बुडतें. श्रावणांत आलेली हजाराची देणगी वैशाखांतल्या शंभराची बरोबरी करीत नाहीं, हें आम्हीं अनुभवानें जाणलें आहे.

‘दुष्काळ’ हा शब्द आतां आम्हीं वापरूं नये, असें कांहीं मित्र सुचवितात. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरिबाच्या घरीं धान्य पोंचतें, आणि १९०० सालीं जशीं माणसें रस्त्याच्या कडेला पडलीं तशीं आज पडत नाहींत. परंतु दुष्काळ दोन प्रकारचा असतो. एक पोटाचा, दुसरा शेताचा. रेशनच्या दुकानांतील तांदूळ खातां येतो, पेरतां येत नाहीं. मागील हंगामांत ज्याचें पीक गेलें त्याच्या घरीं चूल पेटते, पण कोपऱ्यांतील पोतें रिकामें आहे. असें पोतें पाहून आलेले गृहस्थ या सभेंतहि आहेत, म्हणून अधिक वर्णन करीत नाहीं.

या गोष्टीस आपल्या प्रांतांत जुना दाखला आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ त्या वेळच्या मध्यप्रांतावर एकामागून एक कोसळले. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. १९०० च्या जुलै महिन्यांत सरकारी साह्यावर जगणाऱ्या माणसांची संख्या या प्रांतांत वीस लाखांवर गेली होती. हा आंकडा आम्हीं पहिल्यानें वाचला तेव्हां त्यांतील माणसांच्या संख्येनें आम्ही थक्क झालों. महिन्याकडे लक्ष पुढें गेलें. जुलै! ज्या महिन्यांत कुणबी तिफणीमागें असावयाचा, त्या महिन्यांत तो अन्नछत्राच्या रांगेंत होता. त्या वेळच्या अधिकाऱ्यांसहि हें कळत होतें. म्हणूनच पावसाळा तोंडावर येतांच खडी फोडण्याचीं व तलाव खणण्याचीं मोठीं कामें आटोपतीं घ्यावीं, माणसांना आपापल्या गांवीं परतवावें, आणि तेथेंच अन्नाची सोय करून त्यांचे हात शेतासाठीं मोकळे ठेवावे, असें धोरण होतें. धोरण बरोबर होतें. पण गांवीं परतलेल्या माणसानें पेरावें काय, आणि ओढावें कशानें? चाऱ्यापाण्यावांचून त्याचीं गुरें मेलीं होतीं, आणि बियाणें तर उपाशी घरांत टिकतच नाहीं.

येथें धर्मादायाचें काम सुरू होतें. १८९७ आणि १९०० या दोन्ही सालीं लोकवर्गणीचा जो अखिल हिंदी निधी उभारला गेला, त्याचे उद्देश चार ठरविले होते. सरकारी शिध्यास जोड देणें हा पहिला. अनाथ मुलांचा सांभाळ हा दुसरा. जीं अब्रूदार माणसें खडी फोडावयास येत नाहींत त्यांना गुप्त साह्य हा तिसरा. आणि सर्वस्व गमावलेल्यास पुन्हां पूर्वस्थितीस आणून नव्यानें आरंभ करण्यास हातभार लावणें हा चौथा. बियाणें व बैल या चौथ्या उद्देशांत येतात. आमच्या समितीनें पहिले तीन आज बहुतेक सरकारावर सोंपविले आहेत, आणि चौथा आपल्याकडे ठेवला आहे. १९०१ सालीं मॅक्डोनेल साहेबांच्या अध्यक्षतेखालील कमिशनानेंहि हेंच बजाविलें होतें कीं, संकटाच्या आरंभींच लोकांना धीर द्यावा, आणि तगाई हात आखडून व उशिरां न देतां वेळेवर द्यावी. बियाणें व गुरें यांसाठीं तगाई देण्याचा कायदा १८८४ पासून होताच. कायदा असणें आणि मृगापूर्वीं पैसा हातीं पडणें यांत किती अंतर असतें, हें आमच्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. १९०० सालीं अमेरिकेंतील दयाळू लोकांनीं मका भरून ‘क्विटो’ नांवाचें जहाज मुंबईस धाडलें. सात समुद्रांपलीकडून आलेल्या त्या दाण्यानें किती पोटें भरलीं असतील! त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. पण परदेशचा दाणा पोटासाठीं. आपल्या काळ्या जमिनीस व आपल्या पावसास मानवणारें बियाणें आपल्याच भागांत राखावें लागतें, आणि म्हणून तें राखण्याचा भार आपल्यावरच आहे.

पूर्वीं हें कोण राखी? मालगुजाराची कोठी आणि साहुकाराचें पेंव. सवाईनें किंवा दिढीनें बीज मिळे, म्हणजे एका खंडीची सुगीला सवा किंवा दीड खंडी परत. त्या व्यवहाराची स्तुति करण्याचें आमच्या मनांत नाहीं. सहा महिन्यांस शेंकडा पन्नास हें व्याज कोणत्याहि नांवानें गोड होत नाहीं, आणि त्या खातेवह्या आम्हीं वकिलीच्या नात्यानें उलटून पाहिल्या आहेत. तथापि एवढें खरें कीं, पेरणीच्या दिवशीं दाणा गांवांतच असे. मालगुजारी १९५१ सालीं गेली, ती जाणें योग्यच होतें. पण तिच्याबरोबर कोठीहि गेली, आणि तिच्या जागीं गांवाची स्वतःची कोठी उभी राहिली नाहीं. आज येथें बसलेल्यांपैकीं कित्येकांच्या आजोबांच्या त्या कोठ्या. आपण रागावणार नाहीं, असें गृहीत धरून हें बोललों.

आतां आमची एक चूक आपणांसमोर मांडणें प्राप्त आहे, कारण वर्गणीदारांपासून कांहीं लपवूं नये असा समितीचा नियम आहे. मागें एका वर्षीं वर्गणी उशिरां जमली. घाईघाईनें एका विक्रेत्याकडून सोयाबीनचीं पोतीं घेतलीं, उगवण पाहण्यास सवड नव्हती, आणि पाऊस तर आकाशांत उभा होता. तीं पोतीं वांटलीं, पेरलीं. आठव्या दिवशीं एक म्हातारा शेतकरी आमच्या घरीं आला. तो रागें भरला नाहीं, कांहीं मागितलें नाहीं. ओंजळभर माती आणली होती, तींत कुजलेले दाणे होते. ती ओंजळ आमच्या टेबलावर कागदांशेजारीं ठेवून तो म्हणाला, “वकीलसाहेब, हे तुम्ही दिले होते. पाहा बरं, याचं काय करायचं तें.” त्या कुटुंबांना दुबार पेरणीस जें देतां आलें तें दिलें, पण हंगामाचे पंधरा दिवस कोणास परत देतां आले नाहींत. खरेदीच्या पावत्याहि आम्हीं नीट ठेवल्या नव्हत्या! दुसऱ्यांना जन्मभर कागद जपण्याचा उपदेश करणाऱ्यांची ही गत.

तेव्हांपासून कांहीं रीती आम्हीं स्वतःस लावून घेतल्या आहेत. खरेदी परवानाधारक दुकानांतूनच, पक्क्या पावतीवर, पावतीवर वाण व लॉट नंबर लिहून. प्रत्येक लॉटांतील मूठभर बियाणें, पिशवीची चिठ्ठी आणि रिकामी पिशवी सुगीपर्यंत जपून ठेवावयाची. यास कारण आहे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यांत निर्णय दिला कीं, सदोष बियाण्यानें नुकसान झालेला शेतकरी ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागूं शकतो, बियाणें कायदा त्याच्या आड येत नाहीं. हा मोठाच आधार आहे. पण ज्याच्यापाशीं पावती नाहीं त्याला तो कितीसा उपयोगी? २०२० च्या पावसाळ्यांत सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून महाराष्ट्रभर तक्रारी झाल्या, तेव्हांहि प्रश्न आला तो कागदाचाच.

आणि कागदाहून मोठा पुरावा गोणपाटाचा. ओल्या गोणपाटावर दहादहांच्या ओळीनें शंभर दाणे मांडावे, गुंडाळी करून सावलींत ठेवावी, ओल राखावी, आणि सहासात दिवसांनीं निरोगी कोंब मोजावे. सोयाबीनचे सत्तर आले तर एकरीं ३० किलो बियाणें पुरे. साठच आले तर ३५ किलो घ्यावें. त्याहून फार कमी आले तर तें तेलाच्या घाण्याकडे जाऊं द्यावें, शेताकडे नाहीं. हें काम करण्यास कृषी पदवी लागत नाहीं. गेल्या खेपेस आमच्या घरच्या मुलींनीं हें केलें, आणि आमच्यापेक्षां चोख केलें.

सोयाबीनचें बीज सरळ वाणाचें असल्यानें घरचें राखलेलें बियाणें दोनतीन वर्षें चालतें, कपाशीच्या संकरित वाणाप्रमाणें तें दरवर्षीं विकतच घ्यावें लागतें असें नाहीं. म्हणून मोठ्या शेतवाल्या गृहस्थांपाशीं आमचें पहिलें मागणें पैशाचें नाहीं. ज्यांच्या घरीं मागील सुगीचें स्वच्छ, न भिजलेलें सोयाबीन किंवा तूर आहे, त्यांनीं तें बाजारांत नेण्यापूर्वीं आम्हांस दाखवावें. सोयाबीनचें साल पातळ असतें. पोतीं आपटूं नयेत, फार उंच थप्पी मारूं नये, ओलीच्या भिंतीस टेकवूं नयेत. व्यापारी मंडळींकडे कोरडीं गोदामें आहेत. त्यांतील एक कोपरा ज्येष्ठ संपेपर्यंत मिळाला, तर तीहि देणगीच समजून पावती देऊं.

पांच एकर कोरडवाहू जमिनीच्या एका कुटुंबाचा हिशेब असा: तीन एकर सोयाबीन, त्यांत तुरीच्या ओळी, आणि दोन एकर कपाशी. सोयाबीन ९० किलो, तूर थोडे किलो, कपाशीचीं साधारण चार पाकिटें. वर खत, आणि बीजप्रक्रियेचें औषध व जीवाणू खत. औषध आधीं लावावें, जीवाणू खत शेवटीं, पेरणीच्या थोडें अगोदर. औषध लावलेलें बियाणें खाणें अत्यंत घातक आहे, हें वांटतांना तोंडानें सांगावयाचें, चिठ्ठीवर विसंबावयाचें नाहीं. यांशिवाय मशागत. बैलजोडी आतां थोड्यांकडे उरली, ट्रॅक्टरचें भाडें रोख लागतें. ज्यांच्या दारीं ट्रॅक्टर आहे त्यांनीं दोन दिवस दिले, तर तेवढ्यानें एका घराचें रान तयार होतें. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांनीं डवऱ्यासाठीं पुढें तीन दिवस द्यावे.

साह्य कोणास, यावर समितीत बराच वाद झाला. सातबाऱ्यावर ज्याचें नांव, त्याला बँकेचें पीककर्ज मिळूं शकतें, नुकसान झालें तर सरकारी भरपाईहि त्याच्याच खात्यावर येते. ठेक्यानें वा बटईनें कसणारा, आणि जिच्या नवऱ्याचें नांव अजून उताऱ्यावरून उतरलेलें नाहीं ती विधवा, हीं मात्र कसतात एका ठिकाणीं आणि कागदावर कोठेंच नसतात. त्यांना प्रथम द्यावें असें ठरलें. आमच्या एका सन्माननीय सभासदांचें म्हणणें, उतारा नसतांना जमीन कसते याला पुरावा काय? आम्हीं उत्तर दिलें, पुरावा शेजारचें शेत. चारहि बांधांचे शेतकरी विचारले म्हणजे झालें. ज्यांच्या वारसनोंदी अडकल्या आहेत त्यांचे अर्ज आम्ही व आमचे दोन व्यवसायबंधु विनामूल्य लिहून देऊं; तेंहि एक बियाणेंच आहे, फक्त उगवावयास अधिक वेळ लागतो.

दान कीं उसनें, यांतहि मतें दोन होतीं. दोन एकरांच्या आंत दान. त्यावर सुगीनंतर जितकें तितकेंच, सवाई नाहीं, दिढी नाहीं, आणि पीक गेलें तर मागणी नाहीं. रोख रक्कम कोणास देणार नाहीं. याचें कारण लोकांवर अविश्वास हें नव्हे. घरीं आलेल्या रोखीवर मागच्या देणेदारांचा डोळा असतो, आणि ती शेतापर्यंत पोंचत नाहीं.

जमलेल्या मालाचा तिसरा हिस्सा आम्ही रोहिणीच्या वांटपांत मुळींच काढणार नाहीं. पहिल्या सरीला हुरळून पेरूं नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊं द्या, असें कृषी खातें दरसाल सांगतें. तरी शेजाऱ्यानें तिफण काढली कीं हात थांबत नाहीं. मग पाऊस उघडीप देतो. त्या दुबार पेरणीसाठीं तो हिस्सा कुलपांत राहील, आणि कुलुपाच्या किल्ल्या दोन राहतील, एक व्यापारी सभासदाकडे, दुसरी शेतकरी सभासदाकडे.

सभा संपतांच चिटणीस पावतीपुस्तक घेऊन मंडपाच्या दाराशीं बसतील. धान्य देणारांनीं वाण, सुगीचा महिना आणि पोत्यांची संख्या लिहवून द्यावी. माल दाखविण्यासाठीं पावशेर नमुना पुरे, पोतीं आतांच आणूं नयेत. उगवणीचा निकाल लागल्यावर निरोप धाडूं. वांटप २५ मेपासून, रोहिणी लागतांच सुरू होईल, गांवोगांवची यादी त्या आधीं चावडीवर लागेल, आणि ज्याला कोणाच्या नांवाविषयीं हरकत असेल त्यानें ती तीन दिवसांत लेखी द्यावी. जमाखर्च व न उगवलेल्या लॉटांची नोंद, दोन्ही दिवाळीनंतरच्या रिपोर्टांत छापूं. रिकामीं पोतीं कृपया परत पाठवावीं.