अगाऊ कारकून

जुन्या पेढीवर एखादा असा कारकून असावयाचा, की मालकाने पत्राचा पहिला शब्द उच्चारताच पुढचे तीन शब्द तो आपल्याच बुद्धीने लिहून मोकळा होई. पुष्कळदा ते बरोबर निघत, म्हणून त्याची नोकरी टिके. परंतु ज्या दिवशी मालकास नेहमीपेक्षा निराळे काही लिहावयाचे असे, त्या दिवशी घोटाळा ठरलेला. आजच्या स्मार्टफोनच्या कळफलकात असाच एक अगाऊ कारकून बसविलेला आहे. 'अगाऊ' शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि या कारकुनास ते दोन्ही लागू पडतात. मात्र त्याचे डोके कसे चालते हे एकदा ध्यानी आले, म्हणजे त्यास शिस्त लावणे मुळीच कठीण नाही.

या कारकुनास अर्थ कळत नाही; त्यास केवळ मोजणी येते. या मोजणीचा इतिहास मनोरंजक आहे. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील २०,००० अक्षरे मोजून, स्वरामागून स्वर किती वेळा येतो व व्यंजन किती वेळा, याचे गणित मांडले. पुढे १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका शब्दामागून दुसरा येण्याचा संभव किती, एवढ्याच आधारावर इंग्रजीसारखी भासणारी, पण अर्थशून्य वाक्ये जुळवून दाखविली. विसाव्या शतकाच्या अखेरीस साध्या मोबाइल फोनवर 'टी-नाइन' नावाची पद्धत आली. तीत ४, ६, ६, ३ या कळा ओळीने दाबल्या असता 'गुड', 'होम' आणि 'गॉन' हे तिन्ही इंग्रजी शब्द संभवत. चांगले, घर आणि गेलेला! त्यांतील कोणता शब्द लिहिणाऱ्याच्या मनात आहे, हे यंत्र केवळ वापराच्या प्रमाणावरून ठरवी. आजची यंत्रे कितीतरी अधिक चतुर झाली आहेत. तथापि पूर्वी वाचलेला मजकूर आणि मालकाच्या सवयी, या दोहोंवरून अंदाज बांधणे, हाच त्यांचाही धंदा होय.

मराठी लिहिणारास या कारकुनाचा त्रास अंमळ जास्त होतो. त्याची कारणे तीन. पहिले लिपीचे. अनेकजण रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि कळफलक मात्र इंग्रजीचा असतो. 'पण' लिहावे तो यंत्रास तवा दिसतो, 'मन' लिहावे तो माणूस दिसतो, 'जर' लिहावे तो बरणी दिसते आणि 'माझे' लिहावे तो भुलभुलैया! कारण या चारही शब्दांची रोमन रूपे इंग्रजीत निराळ्या अर्थाने नांदत आहेत. दुसरे कारण शेजाऱ्याचे. हिंदीची लिपीही देवनागरीच असल्यामुळे पुष्कळ फोनांवर हिंदीचाच कळफलक बसविलेला असतो. 'नाही'च्या जागी 'नहीं' पुढे येऊ लागले, की हा रोग ओळखावा. तिसरे कारण भाषेच्या घडणीचे. इंग्रजीत 'घर' शब्दाची रूपे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठीत मात्र घरात, घराचा, घरापासून, घरातल्यांनाही अशी प्रत्ययांची लांबच लांब माळ लागते. ती सगळी रूपे यंत्राच्या पाहण्यात आलेली असतीलच असे नाही.

आता उपाय. प्रथम भाषा नीट निवडावी. गूगलच्या जीबोर्ड या कळफलकात भाषांच्या यादीतून मराठी घेता येते. रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटविण्याची सोयही तेथे आहे. ज्यांच्या बोटांना रोमनचीच सवय जडली आहे, त्यांनी ती अवश्य वापरावी. दुसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. या कारकुनाची कामे दोन आहेत : शब्द सुचविणे आणि शब्द परस्पर बदलणे. पहिल्याची परवानगी असू द्यावी, दुसऱ्याची काढून घ्यावी. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये आणि आयफोनवर 'जनरल'मधील 'कीबोर्ड'खाली 'ऑटो-करेक्शन' नावाचे बटण असते. ते बंद केले, की यंत्र सल्ला देते, पण हुकूम चालवीत नाही.

तिसरा उपाय चुकीच्या शिकवणीवर. लिहिणाऱ्यानेच चुकीचा शब्द वारंवार पाठविला, तर यंत्र तोच खरा मानते. जीबोर्डवर असा शब्द सूचनांच्या पट्टीत दिसताच त्यावर बोट दाबून धरावे व तो ओढून कचऱ्याच्या टोपलीत टाकावा. उलटपक्षी आपले आडनाव, गावाचे नाव, घरातील लाडकी नावे 'डिक्शनरी' या सदरात स्वतः नोंदवावी. सर्वच शिकवण बिघडली असेल, तर जीबोर्डच्या 'प्रायव्हसी' सदरातून शिकलेले शब्द पुसून टाकता येतात; आयफोनवर 'रीसेट कीबोर्ड डिक्शनरी' ही सोय त्यासाठीच आहे. पाटी कोरी झाली, की काही दिवस सूचना बेताच्याच येतात. तेवढा धीर धरावा.

हा सारा खटाटोप क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. शोकसंदेशात 'दुःखात' लिहिताना शेजारच्या 'सुखात'वर बोट पडले, किंवा औषधाविषयीच्या निरोपातून 'नको' हा एक शब्द नाहीसा झाला, तर त्याचे परिणाम कोण निस्तरणार? त्याहूनही सूक्ष्म हानी निराळीच आहे. यंत्राशी झगडून थकलेली वडीलधारी माणसे हळूहळू लिहिणेच सोडतात व सकाळी तयार फुलांचे चित्र धाडून समाधान मानतात. परगावी असलेल्या नातवास आजीचे चित्र नको असते. तिने लिहिलेल्या चार ओळी हव्या असतात, आणि त्या आजीच्याच शब्दांत हव्या असतात. यंत्र सर्वांना सर्वांचेच शब्द सुचविते. जो तेच उचलीत जातो, त्याच्या पत्रातून त्याचा स्वतःचा आवाज उणा होत जातो.

म्हणून कारकुनास काढून टाकण्याचे कारण नाही. तो कष्टाळू आहे व बोटांचे श्रम वाचवितो. त्याने पुढे केलेला कागद पाठविण्यापूर्वी मात्र एकवार वाचून पाहावा. सही मालकाची असते. चुकीचा जाबही मालकासच द्यावा लागतो.