इंग्रजीचा तास आणि मातृभाषा

(पनवेल येथे शिक्षक व कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



डॉ. लोहियांची 'अंग्रेजी हटाओ'ची हाक राज्यकारभारातील इंग्रजीच्या मक्तेदारीविरुद्ध होती. कष्टकऱ्याच्या मुलाने ती भाषा शिकूच नये, असा तिचा अर्थ नव्हे. हा भेद आपण विसरलो आणि पालक आपल्यापासून दुरावले. ज्यांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी गेल्या, ती पनवेल भागातील कुटुंबेही आज पदरमोड करून मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना दोष देण्यापूर्वी मराठी शाळेत इंग्रजीचा तास कसा चालतो, हे पाहिले पाहिजे.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. वर्षे वाढली, रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली : गुरुजींनी वाक्य म्हणायचे, वर्गाने एका सुरात घोकायचे. भाषा म्हणजे सवय आणि सवय आवृत्तीने जडते, हा स्किनर यांच्या वर्तनवादाचा सिद्धान्त या रीतीमागे आहे. मूल कधी न ऐकलेले वाक्य कसे बोलते, याचे उत्तर त्यात नाही, हे चॉम्स्की यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले.

मला अधिक उपयोगी वाटतो तो रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की. १९३४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो क्षयाने गेला. विचार आणि भाषा यांवरील त्याचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला आणि समाजवादी म्हणवणाऱ्या त्याच्याच देशात १९५६ पर्यंत पुन्हा छापला गेला नाही! त्याचे म्हणणे असे की, मूल आज जे मदतीने करते ते उद्या एकट्याने करते. शिकवणे या दोन टोकांमधल्या जागेत व्हावे. आणि परकी भाषा मूल मातृभाषेतील अर्थांच्या आधारानेच शिकते. उलट, तिच्यामुळे त्याला आपली भाषा नव्याने दिसते.

उदाहरण घ्या. 'मला ताप आला आहे' या वाक्यात ताप येतो, मी काहीच करीत नाही. इंग्रजीत 'आय हॅव फीव्हर' म्हणताना मी तापाचा धनी होतो. हा फरक मुलांनाच शोधू द्या. किंवा 'वुई' हा शब्द घ्या. तो 'आम्ही' की 'आपण'? ऐकणाऱ्याला आत घेणारे आणि बाहेर ठेवणारे असे दोन शब्द आपल्याकडे आहेत, इंग्रजीत एकच, हे ज्या मुलाला कळले त्याच्या मनातील इंग्रजीचे भय निम्मे ओसरले असे समजा. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारल्यास दंड करण्याची टूम म्हणूनच मला अडाणीपणाची वाटते. अर्थात प्रत्येक वाक्याचे भाषांतर करीत बसा, असेही मी म्हणत नाही. तर्खडकरांच्या पाठमालेने काही पिढ्यांना वाचायला शिकवले, बोलायला फारसे नाही.

बोलणे कामातून येते. १९७९ ते १९८४ या काळात प्रा. एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील साध्या शाळांत, बंगलोरच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून त्यांनी मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके देऊन प्रश्न सोडवायला लावले. लक्ष अर्थाकडे, भाषा ओघाने. पनवेल जंक्शनच्या मुलांना याहून जवळचे साहित्य कोणते हवे? चार-चार मुलांचे गट करा, त्यांत एक जाणता असू द्या. अमुक वाजता रोह्याला पोहोचायचे तर कोणती गाडी, हे त्यांनी इंग्रजीत विचारावे, सांगावे. चुका लगेच लाल शाईने रंगवू नयेत.

कर्नाळ्याच्या परिसरातील कातकरी वाड्यांवर मात्र प्रश्न दुहेरी आहे. तेथील मुलांना पाठ्यपुस्तकाची मराठीच घरची नसते, आणि आपण तिच्या आधारावर इंग्रजी उभारू पाहतो. तेथे संध्याकाळचे वर्ग चालवू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी महिनाभर त्या वाडीची बोली ऐकावी, मुलांकडूनच शंभर-दोनशे शब्द शिकून घ्यावेत. इंग्रजीची वही त्यानंतर उघडावी.