अनुदानाचा अर्ज : सैनिक आणि समाज यांना जोडणारा दुवा
(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दादर येथे केलेले भाषण)



आपण आज ज्या परिसरात जमलो आहोत, त्या परिसराचे आणि सैनिकांचे नाते जुने आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात नौसैनिकांनी उठाव केला. त्यांना पाठिंबा देण्यासाठी २२ फेब्रुवारीस परळ-लालबागचे गिरणी कामगार संप करून रस्त्यावर उतरले आणि गोळीबाराला सामोरे गेले. ते नाते कोणत्याही अनुदानातून निर्माण झालेले नव्हते. परंतु आज सैनिक आणि समाज यांना जोडणारा एखादा साधा उपक्रम चालवावयाचा, तरी पैसा लागतो आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. पुष्कळ चांगले संकल्प या अर्जापाशीच अडतात. ते का अडतात, याचा विचार या भागातीलच दोन उदाहरणांवरून करू.

पहिले उदाहरण परळच्या पुलाचे. २९ सप्टेंबर १९१७ नव्हे, तर अगदी अलीकडचे, म्हणजे २०१७ सालचे. त्या दिवशी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली येथे नवे पादचारी पूल बांधण्याचे काम भूदलाकडे सोपविण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते पूल जनतेसाठी खुले झाले. नागरी काम लष्कराने का करावे, असा आक्षेपही त्यावेळी घेण्यात आला होता. तो आक्षेप गैरलागू नव्हता. त्याचे उत्तर एवढेच की, गरज तातडीची होती आणि थोड्या अवधीत पूल उभारण्याचे कौशल्य लष्कराच्या अभियंत्यांपाशी होते. आपल्या अर्जात हीच दोन उत्तरे असावी लागतात : गरज नेमकी कोणाची, आणि ती भागविण्यासाठी सैनिकच का हवेत?

दुसरे उदाहरण 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेचे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवानिवृत्त झाली. पुढे तिचे मुंबईत संग्रहालय झाले. शाळाशाळांतील मुलांनी ती पाहिली. या नौकेविषयी लोकांच्या मनात आदर कमी नव्हता. परंतु इतक्या मोठ्या नौकेच्या देखभालीचा खर्च वर्षानुवर्षे कोण सोसणार, या प्रश्नाचा मेळ बसला नाही. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये ती प्रेक्षकांसाठी बंद झाली आणि २०१४ च्या अखेरीस, येथून जवळच असलेल्या दारूखान्यात, ती मोडीत निघू लागली. केवळ कागदपत्रे अपुरी होती म्हणून हे घडले, असे मी म्हणत नाही. पण अनुदान संपल्यावर काम कोणाच्या खांद्यावर राहील, हा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच मसुद्यात सोडविला पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावा. वास्तू उभी करण्याचा खर्च एकदाच येतो. ती सांभाळण्याचा खर्च दरवर्षी येतो.

आता आपल्या कामाकडे वळू. समजा, परळमधील एका शाळेला माजी सैनिकांच्या साह्याने उपक्रम सुरू करावयाचा आहे. 'विद्यार्थ्यांत राष्ट्रप्रेम वाढावे' एवढेच उद्दिष्ट लिहिले, तर अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने कशावर सही करावी? त्याऐवजी असे लिहावे : हिंदमाता परिसरात वर्षानुवर्षे पावसाचे पाणी तुंबत आले आहे. म्हणून आठवी-नववीच्या साठ विद्यार्थ्यांना आणि शेजारच्या चाळींतील वीस रहिवाशांना, जूनपूर्वी बारा शनिवार, दोन माजी सैनिक प्रथमोपचार, दोराचा वापर आणि वृद्धांना सुरक्षित हलविण्याची पद्धत शिकवतील. अखेरीस सर्वांसमक्ष सराव होईल. येथे संख्या आहे, मुदत आहे आणि काम झाले की नाही हे पाहण्याची सोय आहे. खर्चाचा तक्ताही याच बाबींवरून तयार होतो. मानधन किती, दोर व प्रथमोपचार पेट्या किती, शाळा स्वतःचे काय देणार, हे सारे त्यात आपोआप येते. पुढील वर्षी साहित्य शाळेत राहील आणि शिकलेले विद्यार्थी नव्यांना शिकवतील, हे वाक्य शेवटी लिहिण्यास विसरू नये.

एक पथ्य आवर्जून पाळावे. सेवेत असलेल्या सैनिकांचे साह्य गृहीत धरू नये. त्यांचे पहिले कर्तव्य वेगळे आहे. त्यांच्या अधिकाऱ्यांची लेखी संमती मिळाल्यावरच त्यांचा उल्लेख करावा. माजी सैनिकांशी संपर्क साधावयाचा असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे. निधीसाठी केवळ शासनाकडेच पाहण्याचेही कारण नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या हिताची कामे, तसेच आपत्ती व्यवस्थापन, यांचा समावेश आहे. अर्ज करताना आपले काम यांपैकी कोणत्या बाबीत बसते, ते स्पष्ट लिहावे.

पंचायत सदस्यांना मी एवढेच सांगेन की, हे शहरापुरते नाही. कोकण-साताऱ्याच्या ज्या गावांनी गिरण्यांना कामगार दिले, त्यांतील अनेक गावांनी फौजेला जवानही दिले. आपल्या गावात निवृत्त होऊन आलेला सुभेदार किंवा हवालदार हा केवळ ध्वजवंदनाच्या दिवशी हार घालण्यापुरता नाही. त्याला काय येते, हे आधी विचारा. गावाला काय हवे, हे ग्रामसभेत ठरवा. आणि मगच लेखणी हाती घ्या.

अनुदानाचा अर्ज ही याचना नव्हे. लोकांच्या पैशातून लोकांना दिलेले ते लेखी वचन आहे. जेवढे पाळता येईल, तेवढेच त्यात लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.