शहराचे डोके एकट्याचे नसते



सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. आपल्यापैकी कितीतरी घरांनी तेव्हा खानदेशची गाडी पकडली होती. १९९५ साली एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि पुढे सुरतेची स्वच्छ शहर म्हणून ख्याती झाली. सारे श्रेय आपण त्यांच्या एकट्याच्या नावावर मांडतो. राव कर्तबगार खरेच. पण त्यांनी केले काय? शहराच्या सहा विभागांच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार दिले. रोज कचरा-गटारे पाहत फिरायचे, मग एकत्र बसून पाहिलेले सांगायचे, अशी शिस्त लावली. कोणते गटार तुंबते हे सफाई कामगाराला ठाऊक, ताप कुठे वाढला हे दवाखान्याला, तिजोरीत किती हे कचेरीला. हे जोडले तेव्हा शहर विचार करू लागले.

त्याच १९९५ साली अमेरिकन अभ्यासक एडविन हचिन्स यांचे पुस्तक आले. किनाऱ्याजवळ जहाज नेताना एक जण खुणा पाहतो, दुसरा वेळ नोंदवतो, तिसरा नकाशावर रेघ मारतो. जहाज नेमके कुठे आहे हे त्या सर्वांना मिळून कळते, असे त्यांनी दाखवले. आपण तर बंदराच्या गावचे!

जोडणी तुटली की काय होते तेही आपण पाहिले. ऑगस्ट २००६ च्या पुरात उकाई धरणातले पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या अनेकांकडे खबरीआधी पाणीच पोहोचले.

आता आपल्या कामाचे. निवडणुकीआधी मंडळ उमेदवारांना मागण्यांचा कागद देते. त्यात मराठी माध्यमाच्या शाळांची मागणी पहिली. पण आपल्या जुन्या घरांतली मुले बहुतेक इंग्रजी शाळेत जातात. महापालिकेच्या मराठी शाळेत जातात ती लिंबायत, उधना, डिंडोलीची. तिथे शिक्षक कमी की वर्ग, हे त्या मुलांच्या आयांना न विचारता आपण काय लिहिणार?

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक वस्तीतून दोघे यावेत, त्यांत एक बाई असावी. बैठक कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी. ज्येष्ठांनी शेवटी बोलावे, कारण ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि घरी जाऊन वेगळे बोलतात. मतभेद राहिला तर तोही कागदावर लिहावा. खाली सह्या ज्येष्ठांच्याच असू द्या, त्याला आमची हरकत नाही.