गिअर करकरतो तेव्हा

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीत ज्यांनी चालकाशेजारी बसून प्रवास केला आहे, त्यांना स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर आठवत असेल. सिग्नलपाशी गाडी पुरती थांबल्यावरच चालक पहिला गिअर टाकायचा. वाहनांची रांग सरकत असेल तर दुसऱ्यावरच क्लच सांभाळत गाडी ओढायचा, कारण चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की आतून मोठी करकर ऐकू यायची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या त्या गाडीला चार गिअर होते आणि वेग जुळवून देणारा सिंक्रो वरच्या तिघांनाच होता. अँबॅसिडरचीही तीच गत. चालत्या गाडीत पहिला टाकणं भागच पडलं तर मुरलेले चालक ‘डबल क्लच’ करत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका दाब, पुन्हा क्लच आणि मग गिअर. पायाचं हे कसब अंगी यायला वेळ लागायचा.

आज हेच काम गिअरबॉक्समधली एक पितळी रिंग करते. कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली अर्ल थॉम्प्सन यांची सिंक्रोची रचना आपल्या गाड्यांत बसवली आणि पुढच्या काळात ती जगभरच्या गाड्यांत रुळली. गिअर बदलताना होणारा त्रास समजून घ्यायचा तर या रिंगेपासूनच सुरुवात करावी लागते.

लिव्हर ढकलला की गिअरचे दात एकमेकांत शिरतात, असा बहुतेकांचा समज असतो. आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या गिअरांचे दात खरं तर कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. शाफ्टवर सरकतो तो स्लीव्ह, आणि तो निवडलेल्या गिअरच्या कडेला असलेल्या बारीक दातांवर जाऊन बसतो. मात्र त्या क्षणी दोघांचा वेग एक हवा. समजा, चाकांकडे जाणारा शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेतो आहे. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ असेल तर इंजिनाकडचा शाफ्ट ३००० फेऱ्यांवर असणार. तिसऱ्याचं गुणोत्तर १.४ धरलं, तर तो २१०० वर यायला हवा. हे ९०० फेरे क्षणार्धात कमी करायचे ते त्या रिंगेने, गिअरच्या निमुळत्या भागावर घासून. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस फलाटावर आधी चार पावलं गाडीच्या वेगाने धावतो, तसंच हे. वेग जुळेपर्यंत रिंग स्लीव्हची वाटही अडवून धरते.

रिंगेच्या आतल्या अंगाला बारीक खाचा असतात. तेलाचा थर कापून धातूवर पकड मिळवणं हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं घासून त्या खाचा बुजल्या की रिंग तेलावरून नुसती घसरते, वेग जुळत नाही, आणि स्लीव्ह बारीक दातांवर आपटतो. करकर ऐकू येते ती इथे. सहसा दुसऱ्या गिअरची रिंग आधी जाते. शहरात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येणं सतत घडतं, आणि त्या वेळी शाफ्टचा वेग वाढवावा लागतो. वरचा गिअर टाकताना तेलाचा विरोध रिंगेला मदत करतो. खालचा टाकताना तोच विरोध तिला जास्तीचं काम लावतो.

करकर सहन करत गाडी चालवत राहिलं तर पुढची पायरी ठरलेली असते. बारीक दातांच्या कडा गोल होतात, स्लीव्हची पकड सुटते, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर उडून न्यूट्रलला येतो. सुरुवातीला एका रिंगेवर भागलं असतं. आता गिअर, स्लीव्ह आणि तो सरकवणारा फोर्क, सगळंच बदलावं लागतं.

तरीही करकर ऐकू आली की लगेच गिअरबॉक्स उतरवायला सांगणं बरोबर नाही. आधी एक बिनखर्चाची परीक्षा करावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावं आणि क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर घ्यावा. क्लच पुरता सुटत नसेल तर इंजिन शाफ्टला फिरवतच राहतं, आणि एवढीशी रिंग अख्ख्या इंजिनाला कशी थोपवणार? ताणलेली क्लच वायर, गळणारा सिलिंडर, हायड्रॉलिकमध्ये शिरलेली हवा, अशी साधी कारणं यामागे सापडतात. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असेल तर गिअरच्या वायरी आणि लिव्हरखालचे बुश तपासावेत. थंडीत पहाटे जड जाणारा गिअर थोडं अंतर चालल्यावर मोकळा होत असेल, तर ते बहुधा तेलाच्या दाटपणामुळे.

रिव्हर्सची गोष्ट वेगळी. अनेक गाड्यांत त्याला सिंक्रो नसतो. क्लच दाबून दोन क्षण थांबावं किंवा आधी पुढचा एखादा गिअर टाकून मग रिव्हर्स टाकावा. फिरणारा शाफ्ट थांबतो आणि करकर टळते.

कानही पुष्कळ सांगतात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लच सोडलेला, आणि घरघर ऐकू येते. क्लच दाबताच ती थांबते. असं असेल तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे पाहावं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलं असावं. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून त्याच वेळी हे बेअरिंगही बदलून घेणं शहाणपणाचं. पुन्हा सगळं उतरवण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीहून जास्त पडते.

चालवण्याच्या सवयीही झीज वाढवतात. गिअरच्या मुठीवर हात टेकवून ठेवण्याची अनेकांना सवय असते. तो भार थेट आतल्या फोर्कवर येतो, आणि फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो. क्लचच्या पेडलवर सतत ठेवलेला पाय रिलीज बेअरिंगला विसावा देत नाही. बोरघाटात वाहनांची कोंडी झाली की हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरणारे जागोजागी दिसतात. प्लेट जळल्याचा उग्र वास त्यांच्याच गाड्यांतून येतो. त्या जागी हँडब्रेक वापरावा. आणि उतारावर न्यूट्रल करून ‘पेट्रोल वाचवणं’ तर निव्वळ धोक्याचं. इंजिनाचा रोध नाहीसा होतो, ब्रेक तापतात, आणि गरज पडेल तेव्हा वाढलेल्या वेगात खालचा गिअर पडत नाही.

यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गिअर ऑइल. इंजिन ऑइलबद्दल लोक दर सर्व्हिसिंगला विचारतात. गिअर ऑइल मात्र कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं तेच राहतं. छोट्या मोटारीत ते जेमतेम दोन-अडीच लिटर असतं. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून थेंबथेंब गळत राहिलं तर ते कमी झाल्याचं कुठला दिवा सांगत नाही. गॅरेजमध्ये डब्यावरची खूण वाचण्याचा आग्रहही धरायला हवा. जीएल-५ दर्जाच्या तेलात दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्यं जास्त असतात. मागच्या आसाच्या डिफरन्शिअलला ती उपयोगी, पण काही जीएल-५ तेलं पितळी रिंगांना खातात आणि रिंगेची पकडही कमी करतात. कंपनीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर ‘वरचा आकडा म्हणजे वरचा माल’ हा हिशेब इथे चालत नाही.

पावसाळ्यात आणखी एक संकट असतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा वेळी सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे जातं. पण तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ‘ब्रीदर’ या हवेच्या छिद्रातून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, बेअरिंगांना गंज चढतो, आणि घरघर सुरू होते ती पुराची आठवण मागे पडल्यावर. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर गिअर ऑइल त्याच आठवड्यात बदलून घ्यावं. काढलेलं तेल नीट पाहावं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. तेलात सोनेरी कण चमकले तर रिंगा झिजत आहेत. पोलादाचा तुकडा निघाला तर गाडी पुढे चालवूच नये.

मारुतीने २०१४ साली सेलेरिओमधून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) भारतात आणली आणि क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. या गाड्यांचा गिअरबॉक्स मात्र मॅन्युअलच आहे. आत तीच क्लच प्लेट, त्याच रिंगा, तोच स्लीव्ह. फक्त हातापायांच्या जागी यंत्रणा आली आहे. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर इथेही प्लेट जळते. जुनी एएमटी गाडी विकत घेणाऱ्याने सर्व्हिसिंगच्या पुस्तकात क्लच प्लेट आणि गिअर ऑइल कधी बदललं, या दोन नोंदी आधी शोधाव्यात, आणि सापडल्या नाहीत तर तेवढा खर्च किमतीतून वजा करून मागावा.