पाण्याचे वर्तुळ आणि माणसांचे वर्तुळ



शहरातल्या माणसांनी एकत्र येऊन आपल्या अन्नाचा काही भाग स्वतः पिकवावा, या प्रयत्नांतील एका पद्धतीविषयी मी आज बोलणार आहे. तिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. मासे आणि भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविणे, असा तिचा सरळ अर्थ.

हौदातील मासे खाद्य खातात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. तो साठत गेला तर माशांनाच घातक ठरतो. परंतु हे पाणी खडीच्या वाफ्यांत सोडले, की तेथे वस्ती करून राहिलेले जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे अन्न. मुळे ते शोषून घेतात आणि निवळलेले पाणी हौदात परतते. भर घालावी लागते ती मुख्यतः उडून गेलेल्या पाण्याची. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून, विंध्य चढवून आणावे लागते. अशा शहराला या काटकसरीचे मोल वेगळे सांगावयास नको.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पालेभाज्या उत्तम येतात. गहू-ज्वारी, डाळी यांच्यासाठी शेतकऱ्याकडेच जावे लागते. माशांचे खाद्य बाहेरून आणावे लागते. वीज गेली आणि पंप थांबला, तर दाटीने ठेवलेले मासे काही तासांतच गुदमरू शकतात.

आता एका प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली विल ॲलन या माजी बास्केटबॉलपटूने काचगृहांसह एक जुनी रोपवाटिका विकत घेतली. ॲलन हे कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातील. वेस्टलॉन ही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची मोठी सरकारी वसाहत तेथून जवळच होती आणि आसपास ताजी भाजी सहज मिळत नव्हती. तेथे ‘ग्रोइंग पॉवर’ ही संस्था उभी राहिली. काचगृहात तिलापिया व पर्च जातीचे मासे वाढू लागले. पंपाने वर चढविलेले पाणी वाफ्यांतून उताराने खाली येई. शहरातील टाकाऊ अन्नाचे कंपोस्ट व गांडूळखत होई. कडाक्याच्या थंडीत काचगृहाला ऊब मिळे तीही काही अंशी कंपोस्टच्याच ढिगांची. वस्तीतील मुले तेथे काम शिकत. २००८ मध्ये ॲलन यांना मॅकआर्थर फाउंडेशनची पाच लाख डॉलरची फेलोशिप मिळाली. दूरदूरचे लोक शिकावयास येऊ लागले.

आणि २०१७ च्या अखेरीस ही संस्था कर्जाच्या ओझ्याखाली बंद झाली.

त्या वेळीही अमोनियाचे नायट्रेट पूर्वीसारखेच होत होते. निसर्गाने आपला करार मोडला नव्हता. हौदातील पाण्याचे वर्तुळ पुरे करणे शास्त्राला साधते. पैसा, श्रम आणि जबाबदारी यांचे वर्तुळ माणसांनाच पुरे करावे लागते. संस्था एका कर्तबगार पुरुषाच्या नावाभोवती वाढते, कामाचा व्याप मिळकतीच्या पुढे धावतो, तेव्हा कौतुकाने कर्ज फिटत नाही. तरीही त्या काचगृहांत जे शिकून गेले, त्यांचे ज्ञान संस्थेबरोबर बुडाले नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून एखाद्या शाळेने वा मोहल्ल्याने असा प्रयोग हाती घ्यावयाचा ठरविल्यास माझे सांगणे एवढेच, की आरंभ एका हौदापासून करावा. तो पुरते वर्षभर चालवून दाखविल्याखेरीज दुसरा बांधू नये. जमाखर्चाची वही सर्वांना पाहावयास खुली असावी. पंप दुरुस्त करणारे हात निदान चार असावेत. शाकाहारी मंडळींना संकोच वाटत असेल तर शोभेचे मासे पाळावेत. जीवाणूंना त्याने काही फरक पडत नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत माशांना खाद्य कोण घालणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या आधी सोडवावा. मासा सुट्टी जाणत नाही.

त्या प्रश्नाला ज्या वस्तीत नावानिशी उत्तर मिळेल, तेथे हा प्रयोग रुजेल, असा माझा विश्वास आहे.